तारेचे वृक्ष

झाड लावावें, त्याला पाणी घालावें आणि पुढें त्याच्या सावलींत बसावें, हा वृक्षाशीं स्नेह जोडण्याचा राजमार्ग होय. त्याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यांच्या घराला अंगण उरलें नाहीं, वैशाखांत ज्यांच्या गच्चीवर पाय ठेववत नाहीं आणि ज्यांना हंड्या-पिंपांचा हिशेब ठेवून पाणी वापरावें लागतें, त्यांनीं काय करावें? आम्हां सोलापूरकरांस हा प्रश्न नवा नाहीं. उन्हाळ्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि पाण्याची ओढ तर आमच्या पांचवीलाच पुजलेली. अशा ह्या गांवीं कांहीं घरांतून पुस्तकांच्या कपाटावर किंवा बैठकीच्या खोलींत एक वीतभर उंचीचें झाड आम्हांस पाहावयास मिळालें. त्याला माती नाहीं, पाणी नाहीं. खोड, फांद्या, मुळें, सर्व कांहीं तांब्याच्या तारेचें. हीं झाडें हातानें पिळून केलेलीं असतात, आणि त्यांचा घाट बोन्साय नांवाच्या जपानी कुंडींतल्या वृक्षाचा असतो.

पुष्कळ जण त्यांस प्लॅस्टिकच्या फुलांचीं भावंडें समजून नाक मुरडतात. आम्हांस तें मत मान्य नाहीं. प्लॅस्टिकचें फूल साच्यांतून निघतें. तें काढणाऱ्यानें खरें फूल न्याहाळलेंच पाहिजे असें नाहीं. तारेचें झाड करणाऱ्याला मात्र आधीं झाड पाहावें लागतें, आणि तेंही असें, कीं जन्मभर झाडाखालून ये-जा करूनही आपण तें तसें कधीं पाहिलेलें नसतें.

प्रथम मूळ बोन्सायविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ‘तबकांत लावलेलें’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ही विद्या मूळची चीनची. इ. स. ७०६ सालच्या एका चिनी राजपुत्राच्या थडग्यांत जीं भित्तिचित्रें आहेत, त्यांत तबकांत लहानशीं झाडें घेऊन चाललेली दासी दिसते. तेथून ती जपानांत गेली आणि जपान्यांनीं तिचें शास्त्र बनविलें. बोन्सायचें झाड जातीनें खुजें नसतें, हें अनेकांस ठाऊक नसतें. वड, पिंपळ, चिंच, कोणतेंही झाड घेऊन त्याचीं मुळें व शेंडे वेळोवेळीं छाटून तें उथळ कुंडींत वर्षानुवर्षें राखावयाचें. फांदीला हवा तो बाक यावा म्हणून तिच्याभोंवतीं तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार वेढतात. कांहीं महिन्यांनीं फांदी त्या बाकाला सवकली, कीं सालींत रुतण्यापूर्वींच तार कापून काढतात. म्हणजे तारेचें काम तेथें मास्तराचें. विद्यार्थी वळणाला लागला, कीं मास्तरांनीं निघून जावें. (आमचा जन्म त्याच धंद्यांत गेल्यामुळें ही उपमा सुचली, वाचकांनीं गोड करून घ्यावी.) आमच्या प्रस्तुत विषयांत मात्र मास्तर निघून जात नाहीं, तो स्वतःच झाड होऊन उभा राहतो.

पुणें-मुंबईस बोन्सायची हौस करणारीं मंडळें आहेत. सोलापुरास ती हौस पुरविणें कठीण. उथळ कुंडींतली मूठभर माती आमच्या उन्हांत दोन प्रहरांत कोरडी होते. सकाळ-संध्याकाळ पाणी चुकतां कामा नये. घरांतलीं सर्व माणसें एखाद्या लग्नाला चार दिवस परगांवीं गेलीं, तर वीस वर्षांचा वृक्ष परत येईपर्यंत काष्ठ होऊन बसतो. शिवाय खुजें झाड घरांत ठेवल्यानें घराची वाढ खुंटते, असा एक समज हल्लीं पसरला आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत घराजवळच्या कांटेरी व चिकाच्या झाडांचे दोष सांगितले आहेत हें खरें. पण कुंडींत छाटून ठेवलेल्या वृक्षाचें त्यांत नांवही नाहीं. असो. ज्यांना शंका आहे त्यांच्यापुरता तारेच्या झाडानें तोही प्रश्न मिटविला आहे, कारण त्याची वाढ कोणी खुंटविलेलीच नसते.

धातूचा वृक्ष ही कल्पना तर जपानहून आणावयास नको. मत्स्यपुराणांत जीं सोळा महादानें सांगितलीं आहेत, त्यांत कल्पपादप नांवाचें एक दान आहे. नाना फळांनीं, पक्ष्यांनीं व वस्त्रालंकारांनीं युक्त असा सोन्याचा वृक्ष करून तो द्यावयाचा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतों, त्यानें तेराव्या शतकांत रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडांत ह्या महादानांचा विधि विस्तारानें दिला आहे. कालिदासाच्या यक्षाच्या घरीं तर जिवंत वृक्ष व धातु ह्यांचा शेजारच आहे: एकीकडे हात पोंचेल इतक्या उंचीवर गुच्छांनीं वांकलेला, यक्षपत्नीनें पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलेला बालमंदार, आणि एकीकडे अशोक-बकुळांच्या मध्यें मोरासाठीं रोवलेली सोन्याची दांडी. चीनच्या सिचुआन प्रांतांत सान्शिंगद्वी येथें १९८६ सालीं कांशाचा एक वृक्ष सांपडला. तो जवळजवळ ४ मीटर उंच असून त्याच्या फांद्यांवर नऊ पक्षी बसले आहेत, आणि त्याचें वय तीन हजार वर्षांहून अधिक आहे.

तारेची कारागिरी तर आमच्या शेजारचीच. बीदरला काळ्या धातूच्या भांड्यावर खांचा पाडून त्यांत रुप्याची तार ठोकून बसवितात. तेलंगणांत करीमनगरला केसासारख्या रुप्याच्या तारेच्या जाळीचीं तबकें व अत्तरदाण्या होतात. पण ह्या दोन्ही ठिकाणीं तार भांड्याच्या अंगाला किंवा जाळीच्या चौकटीला बांधलेली असते. तिला मोकळी उभी करून तिच्याच योगें हवेंत रेषा काढण्याचें श्रेय अर्वाचीन काळीं अलेक्झांडर कॅल्डर ह्या अमेरिकन शिल्पकाराला बरेंचसें द्यावें लागेल. १९२६ च्या सुमारास त्यानें पॅरिसमध्यें तारेचीं माणसें व जनावरें करून त्यांची एक सर्कसच उभारली. पुढें १९५५ सालीं तो अहमदाबादेस साराभाई कुटुंबाचा पाहुणा होऊन आला होता, व तेथें राहून त्यानें कांहीं शिल्पें केलीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. तार कोठली आणावी? सोलापूर हें मागांचें गांव. १८७७ सालीं येथें जी कापडगिरणी सुरू झाली तिला पुढें सर्व जण जुनी गिरणी म्हणूं लागले. त्या मोठ्या गिरण्या गेल्या. चादरींचे व टॉवेलांचे यंत्रमाग राहिले. माग आला कीं मोटार आली, आणि मोटार आली कीं ती जळणें आलें. जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणाऱ्यांच्या दुकानांत जुन्या तारेचे वेढे भंगाराच्या पोत्यांत पडलेले असतात, आणि नवी तार रिळावरून तोलून मिळते. ह्या कामास २२ गेजची, म्हणजे सुमारें ०.७ मिलिमीटर जाडीची तार चांगली. गेजचा आंकडा वाढला कीं तार बारीक होते, हें नवशिक्यानें लक्षांत ठेवावें. दीड फूट लांबीच्या ६४ तारा कापल्या, तर त्या सर्वांचें वजन अवघें १०० ग्रॅमच्या आसपास भरतें.

ह्या तारांची जुडी करून खालचा चतुर्थांश मुळांसाठीं सोडावा आणि वर खोडापुरता पीळ द्यावा. जेथें पहिली फांदी फुटावयाची तेथें थांबून कांहीं तारा बाजूला काढाव्या व त्यांना स्वतंत्र पीळ द्यावा. उरलेल्या वर न्याव्या. प्रत्येक फाट्याशीं हेंच. शेवटीं एकेक तार उरते, ती डहाळी. खालच्या बाजूसही तसेंच विभागून मुळें पसरावीं आणि तीं एखाद्या दगडाला मिठी मारतील अशीं बसवावीं. त्यास आमच्या बाजूच्या काळ्या फत्तराचा तुकडा शोभतो तसा संगमरवर शोभत नाहीं.

तांब्याचा स्वभावही थोडा ओळखून घ्यावा लागतो. यंत्रांतून ओढून काढलेली तार ताठ असते. ती ज्योतीवर मंद लाल होईतों तापवून पाण्यांत टाकली, कीं मऊ होते. पोलाद असें तापवून बुडविलें तर उलट कठीण होतें. तांब्याचें तसें नाहीं. मात्र मऊ केलेली तारही पुन्हा पुन्हा वांकविली, कीं ताठरत जाते व अखेर तुटते. तेव्हां जो बाक द्यावयाचा तो विचार करून एकदांच द्यावा. मोटारीच्या तारेवर रोगणाचा पातळ लेप असतो. तो जाळतांना निघणारा धूर अपायकारक असल्यामुळें तें काम घरांत करूं नये व मुलांकडून मुळींच करवूं नये. तारेचीं टोकें डोळ्यांस इजा करतात, म्हणून प्रत्येक टोक चिमट्यानें आंत वळवून घ्यावें.

ह्या सर्व खटाटोपांत आम्हांस जें विशेष मनोवेधक वाटलें तें गणित. खोडांत ६४ तारा. पहिल्या फाट्यानंतर ४० आणि २४. पुढें ४० च्या २५ व १५, आणि २४ च्या १४ व १०. कोठल्याही उंचीवर बेरीज करा, ६४ च येणार. इटलीचा लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) ह्यानें आपल्या टिपणवहींत खऱ्या झाडाविषयीं हेंच नमूद केलें आहे, कीं एका उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. सर्वच झाडांस हा नियम काटेकोर लागू पडतो असें नाहीं, पण पुष्कळांस तो बराच जवळून लागू पडतो. असें कां व्हावें? रस वर नेणाऱ्या नलिका खोडापासून शेंड्यापर्यंत तितक्याच राहतात, असें उत्तर पूर्वीं देत. २०११ सालीं एका फ्रेंच शास्त्रज्ञानें गणितानें दाखविलें, कीं वाऱ्याच्या तडाख्यांत झाड कोठेंही सहज मोडूं नये अशी रचना करावयाची म्हटली, तर फांद्यांची जाडी ह्याच नियमाच्या आसपास येऊन बसते.

शाळेंत मुलांना झाड काढावयास सांगितलें, कीं तीं खोडाला दोन फांद्या काढीत आणि प्रत्येक फांदी खोडाच्या निम्म्या जाडीची करीत. तें चित्र नेहमीं कोठेंतरी चुकल्यासारखें, रोगट दिसे. आणि कां, तें सांगावयाचें कोणास सुचत नसे. तारेनें तें तत्काळ सांगितलें असतें. ६४ तारांचे ३२–३२ असे दोन समान भाग केले, तर प्रत्येकाची जाडी खोडाच्या निम्मी होत नाहीं. ती दहांस सात ह्या प्रमाणांत उतरते, कारण निम्में होतें तें छेदाचें क्षेत्रफळ, व्यास नव्हे. घराबाहेर पडून कोणत्याही लिंबाचा किंवा चिंचेचा सारखा फुटलेला फाटा डोळ्यांनीं मापून पाहावा.

सोलापूरच्या विणकराला ह्यांतलें आणखी एक मर्म समजावून द्यावें लागत नाहीं. ताणा लावतांना जितके धागे मोजून घेतले तितकेच शेवटपर्यंत. मध्येंच पन्हा वाढवावासा वाटला तरी धागा वाढवितां येत नाहीं. तारेच्या झाडाचेंही तसेंच. शेंड्यावरची शेवटची डहाळी खोडाला पहिला पीळ देण्यापूर्वीं मोजलेली असावी लागते. मागाहून एखादी फांदी वरून बांधून चिकटविली, तर ती बांधलेलीच दिसते. खोडांतून आलेली दिसत नाहीं.

ह्याच अडचणीपायीं आमच्या परिचयाच्या एका घरांत जें घडलें तें सांगण्यासारखें आहे. चार भावांचा वाडा होता. लांकूड खचलें, भिंती सुटल्या, आणि सर्वांच्या संमतीनें जागेवर नवी इमारत उठली. परसांत आजेसासऱ्यांनीं लावलेला कडुनिंब होता. १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें रीतसर परवानगी काढून तो तोडण्यांत आला. खोल्यांच्या वांटणीवरून भावांत एक शब्दही झाला नाहीं. लिंबाविषयीं मात्र कोणी बोलतच नसे, आणि तें न बोलणें घरांत जाणवत असे. घरच्या आजी चौऱ्यायशींच्या पुढच्या. त्यांनीं त्यानंतर दोन पाडव्यांस लिंबाचीं पानें बाजारांतून आणलेलीं खाल्लीं, पण कोठून आणलीं म्हणून विचारलें नाहीं.

धाकट्या भावाचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. त्यानें सुटींत ९६ तारांचा तो लिंब करावयास घेतला. आधाराला छायाचित्र एकच, कोणाच्या तरी मुंजीचें. त्यांत पंगतीच्या मागें निम्मेंच झाड आलेलें. तेव्हां त्यानें वडीलधाऱ्यांना एकेक करून विचारलें, आणि प्रत्येकानें निराळें झाड सांगितलें. थोरले काका म्हणाले, फाटा छातीइतका उंच होता. धाकटे म्हणाले, डोक्याच्या वर. दोघेही ज्या वयांत त्यावर चढले त्या वयाच्या मापानें बोलत होते. कसेंबसें जुळवून त्यानें झाड पुरें केलें, आणि सर्वांना तें पसंत पडलें.

श्रावणांत आत्याबाई माहेरीं आल्या. त्यांनीं झाड हातांत घेऊन फिरवून पाहिलें व म्हणाल्या, “अरे, आडाकडची फांदी कोठें आहे? पंचमीचा झोका तिलाच तर बांधीत.”

धाकट्या दोघां भावांनीं अशी फांदी कधीं नव्हतीच म्हणून सांगितलें. थोरल्यांना आठवेना. आत्याबाई म्हणाल्या, “वाऱ्यानें मोडली ना ती? मी शाळेंतून आलें तों खालीं पडली होती. मी दोन दिवस रडत होतें.”

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “वारा कसला? मीं तोडविली. बहात्तरचा दुष्काळ. गाय व्यालेली, गोठ्यांत कडब्याचें चिपाड नाहीं. तिला लिंबाचा पाला घातला. तुला कसें सांगावयाचें, म्हणून वाऱ्यावर ढकललें.”

पन्नासांहून अधिक वर्षें ती गोष्ट त्या घरांत कोणास ठाऊक नव्हती. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत, थोड्या वेळानें त्यांनीं, “मग गाय वांचली का?” एवढेंच विचारलें. वांचली होती.

नातवानें लगेच फांदी जोडून देण्याची तयारी दाखविली. परंतु ती वरून बांधलेली त्याला स्वतःलाच बघवेना. शेवटीं त्यानें सबंध झाड खोडापर्यंत उकललें. पिळून पिळून तारा ताठरल्या होत्या. त्या गच्चीवर नेऊन पुन्हा तापविल्या. फांदी किती जाड होती, हें आजींनीं दोन हातांच्या पंजांनीं दाखविलें, आणि खोडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ती भरली. तिसरा हिस्सा म्हणजे तारांचाही तिसरा हिस्सा, असें कोणीही म्हणेल. पण वर सांगितलेल्या नियमानें तो नववा होतो. पूर्वींच्या ९६ तारांत १२ घातल्या, एकूण १०८ झाल्या, आणि त्यांपैकीं १२ आडाकडे वळविल्या. त्या मुलाला हें गणित कोणी शिकविलें म्हणून आम्हीं विचारलें, तर तो हंसून म्हणाला, “मास्तरकाका, तारा मोजतांना आपोआप येतें.” चाळीस वर्षें फळ्यावर वर्गमूळ शिकविलेल्या माणसाला हें ऐकून काय वाटलें असेल, ह्याची वाचकांनीं कल्पना करावी.

कोणत्या सालचा लिंब करावयाचा, ह्यावर थोडी चर्चा झाली. फांदी असलेला कीं नसलेला? धाकट्या भावांचें म्हणणें, आम्ही पाहिला तो खरा. आजींनीं निकाल दिला, कीं फांदी राहूं द्यावी, झोका मात्र बांधूं नये.

पानें करावयाचीं कीं नाहीं, हाही प्रश्न होता. तारेच्या झाडांवर पानांच्या जागीं रंगीत मणी किंवा खडे ओंवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं दिसते. आम्हांस ती रुचत नाहीं. झाडाचा दागिना होतो आणि फांद्यांचें वळण झांकून जातें. कडुनिंबाच्या बाबतींत तर त्याची गरजच नाहीं. फाल्गुनाच्या सुमारास तो थोडे दिवस जवळजवळ उघडा होतो, आणि त्याच वेळीं त्याचा खरा सांगाडा दिसतो. लगेच पुढें जी कोंवळी पालवी फुटते, तिचा रंग प्रथम हिरवा नसतो, तांबूस असतो. हें पाहिलें म्हणजे लिंबासाठीं तांब्याखेरीज दुसरी तार घेऊंच नये असें वाटतें.

आजी चारी मुलांकडे पाळीपाळीनें राहतात. दोघे त्याच इमारतींत, एक जुळे सोलापुरांत व एक पुण्यास. झाड त्यांच्याबरोबर जातें. पुण्याच्या गाडींत तें त्यांच्या मांडीवर असतें, आणि मुळांखालचा फत्तर जड असल्यामुळें नातवंडें कुरकुर करतात.

राहतां राहिली निगा. तांबें उघड्यावर राहिलें कीं हळूहळू काळवंडतें. आमच्या मतें तें तसेंच राहूं द्यावें. सालीचा रंग त्याशिवाय येत नाहीं. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी, ओल्या फडक्यानें पुसूं नये. परंतु घरांतल्या तांब्याच्या भांड्यांना चिंच लावणाऱ्या हातांना हें पटत नाहीं. गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशीं आजींनीं सुनेकडून चिंचेचा कोळ करवून घेतला आणि सबंध लिंब घांसून लखलखीत केला. नातवानें पुण्याहून फोनवर तक्रार केली, “आजी, तो रंग यायला दोन वर्षें लागलीं होतीं.” आजींनीं उत्तर दिलें, कीं चैत्रांतला लिंब असाच असतो, आणि तुझ्या रंगाचा फाल्गुनापर्यंत पुन्हा होईल.